वर जायची वाट

नवरात्र संपलं की घराघरांत रंगाचे डबे येतात. कपाटांवर जुन्या चादरी पडतात, भिंतीवरची कॅलेंडरं उतरतात आणि दाराशी रंगाऱ्याची घोडी येऊन उभी राहते. दोन शिड्या माथ्याशी बिजागरीनं जोडलेल्या, खाली पाय फाकवून उभ्या. पाय ठरावीक अंतराच्या पलीकडे सरकू नयेत म्हणून मधे साखळी किंवा लोखंडी पट्टी हवी. बहुतेक घोड्यांना तिथं सुतळी असते. ती कधी बांधली, हे घोडीच्या मालकालाही आठवत नाही. तिच्या गाठीत गेल्या कित्येक दिवाळ्यांचे रंग वाळून बसलेले असतात: कुणाच्या दिवाणखान्याचा पिस्ता, कुणाच्या स्वयंपाकघराचा लिंबोळी, सगळ्यांवर एक थर पांढऱ्या डिस्टेंपरचा.

हे रंगांचे थर बघायला छान वाटतात, पण लाकडी शिडीवर असा थर असूच नये. अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षेच्या नियमांत लाकडी शिडीला अपारदर्शक रंग लावायला स्पष्ट मनाई आहे. रंगाखाली लाकडाची चीर दडते. पायरी कुठे तडकली आहे, कुठे कीड लागली आहे, खिळ्याभोवतीचं लाकूड कुठे फाटलंय, हे चढणाऱ्याला चढण्याआधी दिसलं पाहिजे. नियम एवढाच आहे, पण तो लिहिणाऱ्यानं शिडी फार जवळून पाहिली असणार.

घरातली घोडी फार तर सहा-सात फुटांची. खिडकीतून बाहेर डोकावलं, तर समोरच्या सोसायटीला परांची बांधलेली दिसते. पावसाळा संपल्यावर मुंबई, ठाणे, पुण्यात दुरुस्तीची कामं निघतात. उभे बांबू, आडवे बांबू, काथ्याच्या दोरीनं आवळलेले सांधे आणि बाहेरून हिरवी जाळी. सकाळी नऊच्या सुमाराला माणसं कामावर येतात, चपला खाली काढून ठेवतात आणि त्या बांबूंवरूनच वर चढू लागतात. एका आडव्या बांबूवर पाय, दुसऱ्याला हात, मग अंग वर ओढून घ्यायचं. दोन आडव्या बांबूंमधलं अंतर कामाच्या सोयीनं ठेवलेलं असतं, चढणाऱ्याच्या पायाच्या मापानं नव्हे. पाचव्या मजल्यापर्यंत असं गेलं की तिथं उभं राहायला फळी असते. तिथवर जायला शिडी मात्र नसते.

उंचीवरच्या अपघातांची चर्चा निघते तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या फळीवर असतं. फळी मजबूत होती का, कठडा होता का, पट्टा बांधला होता का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण कामगार दिवसातून किती वेळा त्या फळीवर जातो आणि उतरतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. सकाळी वर, चहाला खाली, जेवायला खाली, लघवीला खाली, माल संपला की खाली, संध्याकाळी खाली. तेवढ्याच वेळा परत वर. वर जायची वाट हा कामाचाच भाग आहे, आणि आपल्याकडे बांधकामात सगळ्यांत कमी विचार याच भागाचा होतो.

साधी टेकवायची शिडी घेऊ. ती कशी लावावी याचा जगभर मान्य असलेला नियम आहे, एकास चार. शिडी जिथं टेकते ती उंची चार मीटर असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर दूर. कोनात सांगायचं तर साधारण 75 अंश. कित्येक जुने गवंडी हे मोजमाप न सांगता करतात: शिडीच्या पायाशी पायाची बोटं टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे पायरीवर आरामात टेकले, तर शिडी बरोबर लागली आहे.

हाच कोन का, हे कळलं की नियम आपोआप पाळला जातो. म्हणून थोडं गणित. समजा, 70 किलो वजनाचा माणूस शिडीच्या माथ्याशी उभा आहे आणि शिडीचं स्वतःचं वजन सोडून दिलंय. एकास चारच्या कोनात त्याच्या वजनामुळं शिडीचा पाय सतरा-अठरा किलोच्या जोरानं बाहेरच्या बाजूला रेटला जातो. हा रेटा फक्त जमिनीचं घर्षण थोपवून धरतं. पाय निम्म्या उंचीइतका लांब ठेवला, म्हणजे एकास दोन, की रेटा 35 किलोवर जातो. फरशी गुळगुळीत असेल, तिच्यावर सिमेंटची भुकटी किंवा पाणी सांडलेलं असेल, तर तेवढं घर्षण मिळत नाही. उलट शिडी फार उभी लावली, तर माणसाचा तोल मागं जातो आणि शिडी त्याच्यासकट मागं येते.

या गणितातली खरी गोम पुढं आहे. माणूस शिडीच्या मध्यावर असतो तेव्हा पायाशी रेटा निम्माच असतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर तर जवळजवळ नसतोच. म्हणजे चढायला सुरुवात केली की शिडी अगदी घट्ट वाटते. माणसाला भरवसा येतो. तो जसजसा वर जातो तसतसा रेटा वाढत जातो आणि तो नेमका वरच्या टोकाशी असताना शिडी सुटते. 'चढताना तर काहीच हललं नव्हतं' असं अपघातानंतर लोक सांगतात. ते खरंच सांगत असतात. म्हणूनच शिडी वरून बांधायची, ते शक्य नसेल तर खालून पाय पक्का करायचा. नुसतं 'पकड रे शिडी' म्हणून एका बिगाऱ्याला खाली उभं केल्यानं काम भागत नाही. तो बिगारी दोन मिनिटांत दुसऱ्या कुणाच्या हाकेला जातो.

तीन मीटरवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी 27-28 किलोमीटर असतो. तीन मीटर म्हणजे एक मजला. हात कुठंतरी लावायला, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

दुसरा नियम शिडीच्या माथ्याचा. शिडी जिथं उतरायचं त्या पातळीच्या किमान एक मीटर वर गेली पाहिजे. बांधकामावरच्या आपल्या 1998 च्या केंद्रीय नियमांत हे आहे, अमेरिकेतही आहे, तिथं ते तीन फूट म्हणतात. साइटवर मात्र शिडी नेमकी स्लॅबच्या कडेला संपते. कारण ती बल्ल्या ठोकून तिथंच बनवलेली असते आणि लाकूड तेवढंच असतं. मग वर पोचलेला माणूस काय करतो? शेवटच्या पायरीवर उभं राहून स्लॅबवर दोन्ही तळवे टेकतो, एक गुडघा वर घेतो आणि पोटावर सरकत वर जातो. उतरताना याच्या उलट: पाठमोरा होऊन पाय हवेत सोडतो आणि न दिसणारी पायरी चाचपडत शोधतो. शिडीवरून फळीवर आणि फळीवरून शिडीवर, हा मधला क्षणच सगळ्यांत धोक्याचा. धरायला एक मीटर लाकूड जास्त असतं, तर तो क्षण सरळ चालत पार पडला असता.

तिसरा नियम सांगायला सोपा: चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव शिडीला टेकलेले हवेत. आता डोक्यावर घमेलं घेतलेली बाई डोळ्यांसमोर आणा. जालना, बीड, बुलढाण्याकडून किंवा तेलंगणातून आलेली, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या वाळूचं किंवा काँक्रीटचं घमेलं. एक हात घमेल्याला. दुसरा शिडीला, तोही पायरी बदलताना सुटतोच. साडीचा काठ पायरीच्या खिळ्यात अडकतो. तिनं नियम मोडला असं म्हणायची सोय कुणालाही नाही. नियम पाळून तिला ते काम करताच येणार नाही. म्हणजे तिला नियम शिकवायची गरज नाही, घमेलं वर न्यायची वेगळी व्यवस्था करायची गरज आहे: कप्पी आणि दोर, छोटा होइस्ट, किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेला, कठडा असलेला रुंद उतार. माल वेगळ्या वाटेनं वर जावा आणि माणूस मोकळ्या हातांनी जावा. अवजारंसुद्धा कमरेच्या पट्ट्यात किंवा दोरीला बांधलेल्या बादलीतून.

ब्रिटनमध्ये तर उंचीवरच्या कामासाठी शिडी ही पहिली पसंती मानत नाहीत. तिथले उंचीवरच्या कामाचे नियम 2005 चे आहेत. त्यांचा क्रम असा: आधी उंचीवर जाणं टाळता येतं का ते पाहा. टाळता येत नसेल तर पडणं रोखा. तेही पूर्ण जमत नसेल तर पडल्यावर इजा कमी होईल अशी सोय करा. तिथल्या सुरक्षा खात्याच्या सल्ल्याप्रमाणे टेकवलेल्या शिडीवर एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम असेल, तर दुसरं साधन शोधावं.

परतीची वाट न मोजता माणसं वर चढवली, याचं एक भयानक उदाहरण अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात आहे. ओहायो नदीच्या काठी विलो आयलंड इथं वीजकेंद्राचा शीतमनोरा बांधायचं काम चालू होतं. अशा मनोऱ्याची परांची जमिनीवरून उभी करत नाहीत. मनोरा जसा चढतो तशी ती त्याच्याच भिंतीला बोल्टांनी अडकवून वर वर नेतात. म्हणजे माणसं जिच्यावर उभी आहेत तिचा भार कालपरवा ओतलेल्या काँक्रीटवर असतो. 27 एप्रिल 1978 च्या सकाळी मनोरा सुमारे 166 फुटांवर पोचला होता. आदल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट पुरेसं घट्ट झालेलं नव्हतं. ते सुटलं, आणि मनोऱ्याच्या कडेनं फिरलेली सगळी परांची माळेसारखी उसवत गेली. वर असलेले 51 च्या 51 जण गेले. एकाच घरातले भाऊ, मुलगे, पुतणे त्यांत होते.

नंतरच्या चौकशीत कारणं पुढं आली. काँक्रीट कच्चं होतं, काही बोल्ट गायब होते, होते ते हलक्या प्रतीचे होते. काम उरकायची घाई होती. आणि आणखी एक गोष्ट निघाली: एवढ्या माणसांना खाली यायला शिडी एकच होती. दोन-चार शिड्यांनी त्या दिवशी किती जण वाचले असते, सांगता येत नाही. ते कोसळणं फार वेगानं झालं. पण इतक्या उंचीवर इतकी माणसं चढवताना त्यांच्या परतीची वाट कुणी मोजली नव्हती, एवढं मात्र त्यातून दिसलं.

अमेरिकेनं परांचीचे नवे सविस्तर नियम ऑगस्ट 1996 मध्ये काढले. त्यांत वर जायच्या वाटेवर स्वतंत्र कलम आहे. फळी दोन फुटांपेक्षा जास्त उंच किंवा खोल असेल, तर शिडी, जिना किंवा उतार दिलाच पाहिजे. लोखंडी चौकटींना ताठ ठेवणाऱ्या तिरक्या पट्ट्या असतात, त्यांच्यावरून चढायला बंदी. अडकवायच्या शिडीची सगळ्यांत खालची पायरी जमिनीपासून दोन फुटांच्या आत. उंच शिडीला दर 35 फुटांना विसाव्याची जागा. दोन फूट म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर! एवढ्याशा उंचीलाही रीतसर वाट हवी, असं कायदा म्हणतो. कायदा आहे म्हणून तिथं माणसं पडत नाहीत, असं अजिबात नाही. 2023 मध्ये अमेरिकेत बांधकामावर 1,075 कामगार दगावले, त्यांतले 421 पडून, घसरून किंवा अडखळून.

त्याच ऑगस्ट 1996 मध्ये आपल्याकडे इमारत आणि इतर बांधकाम कामगारांचा कायदा मंजूर झाला. तो सहजासहजी आला नाही. कामगार संघटनांनी राष्ट्रीय मोहीम समिती उभी केली होती. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर तिचे अध्यक्ष होते. कायद्यामागोमाग 1998 चे केंद्रीय नियम आले, आणि ज्यांना आपल्याकडे नियमच नाहीत असं वाटतं, त्यांनी ते एकदा वाचावेत. शिड्यांवर वेगळं प्रकरण, परांचीवर वेगळं. शिडी सुट्या विटांवर उभी करू नये, इथपर्यंत तपशील आहे. परांची जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच बांधावी, वापरण्याआधी, बदल केल्यावर आणि वादळवाऱ्यानंतर तपासावी, असंही आहे. भारतीय मानक ब्युरोची शिड्या-परांच्यांची सुरक्षा संहिता दोन भागांत आहे, परांचीचा भाग 1987 चा आणि शिडीचा 1991 चा. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं 13 जुने कायदे एकत्र केले, त्यांत हा 1996 चा कायदाही आला. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जुन्या कायद्यात 500 कामगारांच्या साइटवर सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, आता बांधकामावर 250 कामगार असले की तो नेमावा लागतो. ही सुधारणाच आहे. पण सोसायटीच्या दुरुस्तीवर पंधरा-वीस माणसं असतात. तिथं हा अधिकारी पोचत नाही.

पैशाचीही तरतूद आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी राखलेला असतो. त्याचं काय झालं, हे सर्वोच्च न्यायालयानं 19 मार्च 2018 च्या निकालात मांडलं. देशभरात 37,400 कोटींहून जास्त रुपये जमले होते आणि खर्च झाले होते सुमारे 9,500 कोटी. काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रं घेतली गेली होती. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी त्या निकालात व्यवस्थेवर अत्यंत कठोर शब्दांत ताशेरे ओढले.

महाराष्ट्रात बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगाराला सुरक्षा संच मिळतो: हेल्मेट, बूट, हातमोजे, चमकणारं जाकीट, अंगभर पट्टा. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि मजूर अड्ड्यावर रोज नव्या माणसाच्या गाडीत बसून जाणाऱ्याला हा दाखला मिळवणं जड जातं. तरी संच मिळाला, तर चांगलंच आहे. प्रश्न पुढं उरतो. पट्टा अंगावर आहे, पण त्याचा हूक अडकवायचा कुठं? काथ्यानं बांधलेल्या बांबूला? तो बांबू त्याचं उभं वजन पेलतो, पण पडत्या माणसाचा झटका कितीतरी पट मोठा असतो. पट्ट्याला इमारतीशी पक्की जोडलेली जागा हवी, किंवा वरून सोडलेली स्वतंत्र जीवनदोरी. एका जागेचा हूक काढून दुसरीकडे लावायच्या मधल्या क्षणी माणूस मोकळा राहू नये म्हणून दुहेरी दोरी हवी. आणि पट्ट्यानं धरून ठेवलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घेता आलं पाहिजे. लटकलेल्या शरीरात रक्त पायांकडे साचतं आणि माणूस बेशुद्ध होतो. शिडी नसलेल्या परांचीवर त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? पुन्हा वाटेचाच प्रश्न.

10 सप्टेंबर 2023 ला ठाण्यात बाळकुमला सात कामगार गेले. चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम होतं. दिवसाचं काम आटोपलं होतं. ते साइटच्या लिफ्टनं खाली येत होते आणि लिफ्ट कोसळली. गच्चीवर, कडेला, दिवसभर धोक्याच्या जागी काम करून ते सुखरूप होते. घरी जायच्या वाटेवर गेले.

वाट बांधली जात नाही, याचं एक साधं कारण निविदेच्या कागदात सापडतं. बांधकामाच्या दरपत्रकात गिलाव्याची बाब असते. प्लास्टर इतक्या जाडीचं, इतक्या प्रमाणाचं, 'परांची, पाणी मारणे इत्यादींसह', दर प्रति चौरस मीटर. रंगाची बाब तशीच. परांची त्या 'सह'मध्ये आहे आणि शिडी, जिना, कठडा त्या परांचीच्याही पोटात. त्यांना स्वतःचा दर नाही. ज्याला दर नाही त्याचं बिल निघत नाही, मोजमाप पुस्तकात नोंद होत नाही, इंजिनिअर ते तपासत नाही. ठेकेदारानं जिन्याचा मनोरा उभा केला, तर त्याचा खर्च त्याच्याच खिशातून. नाही केला, तर त्याची निविदा स्वस्त आणि काम त्याला. म्हणजे चांगलं काम करणारा ठेकेदार इथं हरतो. त्याला दोष देऊन काही हाती लागत नाही. दोष कागदाचा आहे, आणि कागद बदलता येतो. 'वर जायची सोय' ही वेगळी बाब करा, तिला वेगळा दर मागवा, सगळ्यांकडून मागवा. मग ती स्पर्धेतून बाहेर पडते आणि तपासणीत येते.

हे लिहून घ्यायचा अधिकार कुणाला आहे? सोसायटीच्या दुरुस्तीत तो सोसायटीला आहे. म्हणजे हे वाचणाऱ्या पुष्कळ जणांना. सर्वसाधारण सभेत रंगाच्या छटेवर तासभर वाद होतो. कोणती कंपनी, किती वर्षांची हमी, बाल्कनीतली झाडं कुठं हलवायची, यावर लोक हिरिरीनं बोलतात. त्याच सभेत कुणीतरी उठून विचारायला हवं: ही माणसं सहाव्या मजल्यावर जाणार कशी? परांचीला आतून शिड्या आहेत का, दर मजल्याला फळी आणि झडपेचं दार आहे का, खालून वर एकच सलग शिडी तर नाही ना? परांची इमारतीला किती ठिकाणी जखडली आहे, आणि दर आठवड्याला ती कोण तपासणार? मोठ्या साइटवर परांचीच्या पायथ्याशी हिरवं किंवा लाल कार्ड लटकवतात. हिरवं म्हणजे चढा, लाल म्हणजे नको. त्यावर तपासणाऱ्याची सही आणि तारीख असते. असं कार्ड लटकवायला सोसायटीला काय लागतं? एक पुठ्ठा, एक पेन आणि रोज सकाळी तिथं जाऊन बघणारा एक माणूस.

एका दिवसाकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं: परांची उतरवायच्या दिवसाकडे. काम झालेलं असतं, ठेकेदाराला बांबू पुढच्या साइटवर हवे असतात, रहिवाशांना महिनोन्‌महिने अंधारलेली घरं दिवाळीच्या आत उघडी हवी असतात. कंदील लावायचे असतात. हिरवी जाळी सोडली जाते, घरात ऊन येतं, पोरं टाळ्या वाजवतात. वर दोन-तीन माणसं दोऱ्या कापत असतात. बांधताना जो क्रम असतो त्याच्या बरोबर उलट क्रमानं उतरवायचं असतं. वरचा मजला पूर्ण सुटल्याशिवाय खालच्या मजल्याचे भिंतीचे बांध सोडायचे नाहीत. घाईत होतं असं की अडचण करणारे खालचे बांध आधी सुटतात, आणि शिडी असलीच तर ती सगळ्यांत आधी काढून टेम्पोत टाकली जाते, कारण ती सुटी आणि हाताशी असते. वरचे दोघे मग उरलेल्या बांबूंवरून घसरत खाली येतात, एकेक बांबू मागं सोडत. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत असतो. त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीनं खाली येऊन एवढंच सांगायचं असतं, की शिडी राहू द्या, शेवटचा माणूस उतरला की मग काढा.